बरोबरच्या चिन्हापाशी अडलेला तास

श्रोतेहो, नमस्कार.

तिसरीचा वर्ग होता. फळ्यावर मी लिहिलं, 7 अधिक 5 बरोबर, पुढे एक रिकामी चौकट, आणि तिच्यापुढे अधिक 4. हाताशी कागद असेल तर तुम्हीही लिहून ठेवा, हे उदाहरण आज आपल्याला सोडणार नाही. चौकटीत किती? सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "बाराऽऽ!" मागच्या बस्करावरचा एक मुलगा तेवढा म्हणाला, "सोळा." खरं उत्तर 8. ते एकाही मुलानं दिलं नाही.

त्या शाळेचा मी शिक्षक नव्हतो, केंद्रप्रमुख होतो, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारा. त्याआधी काही वर्षं गणिताचा साधन व्यक्ती म्हणून तालुकाभर प्रशिक्षणं घेत हिंडलेलो. त्या वर्गात मी उभा राहिलो, त्याला कारण असंच एक प्रशिक्षण. साठेक शिक्षक, पडद्यावर माझी पीपीटी, मधूनमधून टाळ्या, दुपारी पुरी-भाजी. समारोपाला एक बाई उठल्या. म्हणाल्या, "सर, सगळं पटलं. पण माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र आहे. एकदा माझ्या वर्गावर येऊन घेऊन दाखवाल का?" हॉलमध्ये खसखस पिकली. माझ्यापुढे माइक होता, नाही म्हणायची सोय नव्हती.

गेलो, आणि सपशेल आपटलो. "बरोबर म्हणजे दोन्ही बाजू समान," हे मी तीनदा सांगितलं. मुलांनी तिन्ही वेळा माना डोलावल्या आणि पुढच्या उदाहरणात पुन्हा डावीकडची बेरीज करून चौकटीत भरली.

तास संपल्यावर बाई वर्गाच्या मागून पुढे आल्या. म्हणाल्या, "सर, चूक मुलांची नाही. पहिलीपासून आपण चौकट शेवटीच देतो. 7 अधिक 5 बरोबर चौकट. त्यामुळे ते चिन्ह दिसलं की 'आता उत्तर लिहा' एवढंच त्यांना कळतं." मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, 12 बरोबर 7 अधिक 5. मुलं लगेच म्हणाली, "बाई, उलटं लिहिलंय!"

इतकी वर्षं गणिताचा तज्ज्ञ म्हणून मिरवलो, पण मुलं बरोबरचं चिन्ह कसं वाचतात हे मला त्या दिवशी कळलं. तेही मागे बसून माझा तास बघणाऱ्या एका शिक्षिकेमुळे.

आज बोलायचंय ते याच मागे बसण्याबद्दल. गणिताच्या शिक्षकांचं नेतृत्व करणारा शिक्षक घडतो कसा? आपली नेहमीची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. राज्यस्तरावर काही जण शिकतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्ह्याचे तालुक्याला, तालुक्याचे केंद्राला. वरून निघालेल्या ताकात प्रत्येक पायरीवर एकेक तांब्या पाणी पडतं आणि खालच्या पेल्यात आंबूस वास तेवढा उरतो. मी स्वतः त्या साखळीतला एक तांब्या होतो, म्हणून हे म्हणायचा मला हक्क आहे.

इंग्लंडनं गेल्या दहा-बारा वर्षांत हेच काम वेगळ्या वाटेनं करून पाहिलं. कारण घडलं ते शांघाय. पंधरा वर्षांच्या मुलांची जी आंतरराष्ट्रीय 'पिसा' चाचणी होते, तिच्यात 2012 साली शांघायला गणितात 613 गुण मिळाले आणि ब्रिटनला 494. तिकडचे राज्यकर्ते हलले. 2014 साली त्यांनी 'मॅथ्स हब' नावाची केंद्रं काढली. प्रत्येक हब एका चालत्या शाळेच्या हाती, आणि सगळ्या हबांची सूत्रं एनसीईटीएम या गणित-शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेकडे. आज अशी 40 केंद्रं आहेत. त्याच वर्षी अदलाबदलही सुरू झाली. इकडचे शिक्षक शांघायला जाऊन वर्ग बघून आले, तिकडच्या शिक्षकांनी इंग्लंडमधल्या शाळांत येऊन प्रत्यक्ष शिकवून दाखवलं. 2016 मध्ये सरकारनं चार वर्षांसाठी 4 कोटी 10 लाख पौंड जाहीर केले आणि 8,000 प्राथमिक शाळांपर्यंत पोचायचं ठरवलं.

या पद्धतीला तिकडे 'मास्टरी' म्हणतात. आपण प्रभुत्व म्हणू. शब्द जुनाच आहे. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी 1968 साली तो मांडला तेव्हा अर्थ असा होता, की एक घटक पक्का झाल्याशिवाय मुलाला पुढच्यावर नेऊ नये. इंग्लंडनं शांघायकडून घेतलेल्या रीतीत सगळा वर्ग एकाच घटकावर एकत्र थांबतो. हुशार मुलाला पुढचं पान मिळत नाही, त्याच पानावरचा खोल प्रश्न मिळतो. पायऱ्या बारीक असतात, आणि आज जे मूल अडलं त्याला उद्याच्या तासाआधी हात दिला जातो. पाढे सुटत नाहीत बरं का! 2022 पासून तिथल्या चौथ्या वर्षाच्या, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांना बाराच्या पाढ्यापर्यंत 25 प्रश्नांची सक्तीची चाचणी आहे, एका प्रश्नाला सहा सेकंद. पावकी, निमकी, दीडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकलेल्या आपल्या आजोबांना ती किरकोळ वाटली असती.

मला भावली ती मात्र नेतृत्वाची बाजू. 2015 पासून त्यांनी 'मास्टरी स्पेशालिस्ट' घडवायला घेतले. हे सगळे स्वतः वर्गावर शिकवणारे शिक्षक. आधी स्वतःचा वर्ग बदलायचा, मग स्वतःची शाळा, त्यानंतर शेजारच्या काही शाळांचा गट हाती घ्यायचा. प्रत्येक शाळेतून साधारण दोन शिक्षक या गटात येतात, सहा-सात आठवड्यांनी कुठल्यातरी एका शाळेत जमतात. तिथे भाषण होत नाही, एक तास होतो. बाकीचे मागे बसून बघतात, आणि नंतर त्या एका तासाची चिरफाड करतात. हे उदाहरण आधी का घेतलं? अंक हेच का निवडले? मुलगी गप्प झाली तेव्हा तिच्या मनात काय चाललं असेल? चीनमध्ये शाळाशाळांतून असे शिक्षकांचे अभ्यासगट 1950 च्या दशकापासून आहेत. जपानमध्ये याची परंपरा त्याहूनही जुनी.

शांघायचं सगळं इथे उचलून आणता येणार नाही, हेही बोलून टाकतो. तिथला प्राथमिकचा गणित शिक्षक गणितच शिकवतो. दिवसाला दोन-तीन तास, उरलेला वेळ वह्या तपासायला, अडलेल्या मुलांना घ्यायला आणि सहकाऱ्यांबरोबर पुढचा तास रचायला. आमच्या बाईंकडे दोन इयत्ता, सगळे विषय, वर पोषण आहाराची नोंद.

भाषेचीही गोष्ट आहे. 25 ला चिनी मूल 'दोन-दहा-पाच' म्हणतं. दशक किती, सुटे किती, हे नावातच ऐकू येतं. मराठी मूल म्हणतं 'पंचवीस', म्हणजे आधी पाच, मग वीस. लिहिताना मात्र आधी 2, मग 5. आणि 29 ला 'एकोणतीस' म्हटलं की त्या बिचाऱ्याला तीस ऐकू येतं, लिहायचे असतात दोन दशक. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशा वाचनाची जोड आली तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागचा विचार पुन्हा पुन्हा समजावून सांगितला. त्या बदलाच्या बाजूचे आणि विरुद्धचे, दोन्ही मुद्दे माझ्या मनात आजही आहेत. खंत वेगळीच आहे. आमच्या केंद्रातल्या शिक्षकांना हे पहिल्यांदा कळलं ते टीव्हीच्या बातम्यांतून. पंधरा शिक्षकांनी एका वर्गात मागे बसून, मुलं 'एकोणतीस' कशी लिहितात हे आधी पाहिलं असतं, तर निदान भांडण तरी जाणकारांचं झालं असतं.

तर पुन्हा आमच्या तिसरीकडे. मी पुढच्या आठवड्यात परत गेलो, या वेळी शेजारच्या दोन शाळांतले तीन शिक्षक बरोबर घेऊन. बाईंनी आणि मी मिळून तागडी केली होती. डब्याची दोन झाकणं, सुतळी आणि एक पट्टी. वजनाला चिंचोके, फुकटचे. एका पारड्यात 5 चिंचोके टाकले, दुसऱ्यात 5, आणि तागडी कलली! चिंचोके काही एका साच्यातून निघत नाहीत, हे आम्हा पाच शिकलेल्या माणसांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मुलं बेहद्द खूश. मी घामाघूम. शेवटी एका गुरुजींनी कोपऱ्यावरच्या दुकानातून रुपयाची नाणी मोडून आणली, तीही एकाच छापाची निवडून, आणि तास मार्गी लागला.

डाव्या पारड्यात आधी 7, मग 5 नाणी. उजव्यात 4. "आता किती टाकू, म्हणजे दांडी सरळ होईल?" या वेळी 'बारा' म्हणणाऱ्यांनी स्वतःच नाणी टाकून बघितली, आणि उजवं पारडं धाडकन खाली गेलं. समजावून सांगायला मी मध्ये पडलोच नाही.

मग फळ्यावर ओळीनं उदाहरणं. डावीकडे कायम 7 अधिक 5. उजवीकडे चौकट अधिक 5, चौकट अधिक 4, चौकट अधिक 3. प्रत्येक ओळीत एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जागच्या जागी. याला तिकडे 'व्हेरिएशन' म्हणतात, आणि सगळी मेख या निवडीत असते. तिसऱ्या ओळीवर एक मुलगी म्हणाली, "सर, पाचातला एकेक उठून साताकडे जाऊन बसतोय." बेरीज न करता तिनं उत्तर काढलं होतं. पुढे बीजगणितात आपण जे करतो, त्याचं बी हेच.

तास संपल्यावर खरी मजा आली. पारावर चहा घेत आम्ही बसलो आणि वाद पेटला. एक गुरुजी म्हणाले, "तुमची उदाहरणं फार गुळगुळीत आहेत. 5, 4, 3 अशी उतरत गेली की मुलं वरची ओळ बघून 7, 8, 9 लिहीत सुटतात. विचार करतंय कोण?" बाई म्हणाल्या, "पण ती ओळच तर त्यांना दिसायला हवी." ते म्हणाले, "दिसू दे, पण चौथ्या ओळीला चौकट अधिक 6 टाका. मग कळेल कुणाला दिसलंय ते." त्या वादात तासभर गेला. साठ जणांच्या हॉलमध्ये मी घेतलेल्या एकाही प्रशिक्षणात, चौथं उदाहरण कोणतं असावं यावर कुणी एक मिनिटही भांडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी चौकट अधिक 6 टाकून पाहिलं. अर्ध्या वर्गानं 10 लिहिलं. गुरुजी जिंकले.

इंग्लंडच्या प्रयोगाला यश किती, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. शेफील्ड हॅलम विद्यापीठानं शांघायच्या अदलाबदलीचा काही वर्षं पाठपुरावा करून 2019 मध्ये अहवाल दिला. शाळांतली शिकवण्याची रीत बदलली होती. मुलांच्या गुणांत वाढ झाल्याचा थोडाफार पुरावा मिळाला तो धाकट्या मुलांत. अकरा वर्षांच्या मुलांत तसा पुरावा मिळाला नाही. कुणी म्हणेल, मग एवढा खटाटोप कशाला? शिक्षकाची नजर बदलायलाच दोन-तीन वर्षं लागतात, पीक त्यानंतरचं, असं माझं मत आहे. तुमचं वेगळं असू शकतं.

आपल्याकडे सांगाडा नाही असं म्हणता येणार नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्रत्येक शिक्षकाला वर्षाला 50 तासांचं व्यावसायिक प्रशिक्षण सांगितलंय. केंद्र आहे, केंद्रातल्या शिक्षकांची दर महिन्याची बैठक, म्हणजे शिक्षण परिषद आहे. परिषदेत होतं काय, हे मी नऊ वर्षं पाहिलं, नव्हे, मीच घडवलं. परिपत्रकांचं वाचन, 'माहिती आजच पाठवा'चा तगादा, ऑनलाइन कोर्स कुणाचा राहिला त्याची यादी. शाळेला मिळालेली साधनांची गणित पेटी तपासणीच्या आदल्या दिवशी कपाटातून निघायची आणि तपासणीनंतर परत आत जायची. नव्या पेटीतल्या प्लास्टिकच्या पिशव्या फोडायलासुद्धा शिक्षक धजत नसत, हरवलं तर भरून कोण देणार!

निवृत्तीआधीच्या दीड वर्षात मी एवढंच केलं. परिषदेतली पहिली दोन तासांची वेळ वर्गात घालवायची. एकाचा तास, बाकीचे मागे. पहिले तीन तास मी स्वतः घेतले आणि त्यातले दोन फसले. तिसऱ्या महिन्यानंतर "पुढचा माझा लावा" म्हणणारे निघाले. सगळे नव्हेत. काही जण शेवटपर्यंत मागे बसून मोबाइलच बघत राहिले, आणि माहिती वेळेत गेली नाही म्हणून वरून दोनदा खुलासा मागितला गेला, तोही दिला.

त्या बाईंकडे आता आजूबाजूच्या शाळांतले शिक्षक येतात. त्यांचं पद तेच आहे, उपशिक्षिका. तिसरी-चौथी अजून एकत्रच आहे.

जाता जाता एक काम देतो. घरात तिसरी-चौथीतलं मूल असेल तर आज संध्याकाळी त्याला एवढंच लिहून द्या. 8 अधिक 6 बरोबर चौकट अधिक 5. त्यानं 14 लिहिलं तर लगेच खोडू नका. "हे चिन्ह काय सांगतंय?" असं विचारा, आणि ते काय म्हणतं ते नीट ऐका. तागडी करायचीच झाली, तर चिंचोके घेऊ नका.

नमस्कार.