केना मरत का नाही? वावरातलं तण आपणच कसं निवडतो

राम राम मंडळी. पोळा झाला, सोयाबीन शेंगांनी लगडलं, आणि कमेंटमध्ये जुलैपासून एकच प्रश्न येऊन राहिला: "ताई, केना मरत नाही, सगळ्यात कडक औषध कोणतं?" कोणाला कुर्डूसाठी पाहिजे, कोणाला हराळीसाठी. तिन्ही वावरातली तणं, आणि औषध म्हणजे तणनाशक. एका दादांनी लिहिलं, "औषधाचं नाव सांगा, भाषण नको." दादा, नुसत्या नावानं तुमचं काम भागत असतं तर मी नावच सांगितलं असतं. मागच्या वर्षी सांगितलं होतं, आणि यंदा तेच लोक तोच प्रश्न घेऊन परत आले. म्हणून आज जरा बोलते.

पाठ असलेल्या गोष्टी भरभर उरकते. तण पाणी खातं, खत खातं, ऊन अडवतं. सोयाबीनचा पहिला महिना-सव्वा महिना आणि पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाचे, पहिले दोन महिने वावर स्वच्छ पाहिजे. उगवणीआधीचं औषध पेरणीनंतर लगेच, जमिनीत ओल असताना. उगवणीनंतरचं औषध तण 2 ते 4 पानांवर असताना. हे तुम्हाला माहीत आहे, पुढे चला.

तुमच्या वावरात आज जे तण उभं आहे, ते मागच्या दहा-पंधरा वर्षांत तुम्ही जे जे केलं त्यातून निवडून राहिलेलं आहे. पीक बदललं की तण बदलतं. औजार बदललं की बदलतं. औषधानं तर सगळ्यात लवकर बदलतं.

माझ्या लहानपणी आमच्याकडे ज्वारी होती, आणि ज्वारीत टारफुला यायचा. आता तरुण पोरांना टारफुला दाखवायचा म्हटलं तर आमच्या शिवारात झाड सापडत नाही. कोणी औषध मारलं? कोणीच नाही. टारफुल्याचं बी ज्वारीसारख्या पिकाच्या मुळातून पाझरणारा रस मिळाल्याशिवाय उगवत नाही. उगवलं की त्याच मुळाला चिकटून पोट भरतं. सोयाबीन आलं, ज्वारी गेली, टारफुल्याला घरच उरलं नाही. एवढं चिवट तण नुसत्या पीकबदलानं मागे हटलं, हे लक्षात ठेवा.

पण जे सोयाबीन टारफुला घेऊन गेलं, तेच दुसऱ्या तणांना जागा करून गेलं. आधी पहिल्या पावसानंतर कचरा उगवू द्यायचे, त्यावर वखराची पाळी मारायचे आणि मग तिफण. एका पाळीत उगवलेलं सगळं साफ. आता पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर. कृषी विभाग दरवर्षी सांगतो, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. आपण ते दुबार पेरणीच्या भीतीनं ऐकतो, पण थांबण्याच्या त्या दिवसांत तणाचा पहिला लोंढा निघून जायचा, हा फायदा कोणी सांगत नाही. पऱ्हाटी चौफुलीत, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही ओळीत, असायची; डवरा, म्हणजे कोळपं, आडवाही फिरायचा आणि उभाही. दाट लागवडीत आडवा डवरा गेला, म्हणजे ओळीतलं तण वाचलं. हराळी आणि कुंद्याचं तर विचारूच नका. ज्या वावरात कुंदा आहे तिथे ओलीत रोटाव्हेटर फिरवला की मुळकांडांचे तुकडे सगळीकडे पसरतात, आणि डोळा असलेला तुकडा नवं झाड देतो. कुंदा उन्हाळ्यात खोल नांगरून, वेचून, धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, बाहेर नेऊन वाळवायचा. दुसरा सोपा रस्ता मला माहीत नाही.

आता निंदणाबद्दल. खालच्या कमेंटमध्ये काही जण लिहितात की जुनं तेच चांगलं, औषधं बंद करा. भाऊ, निंदण मी केलेलं आहे. ओल्या काळ्या मातीत दिवसभर उकिडवं बसून पुढे सरकायचं, पायाची बोटं चिखलानं कुजायची, आणि रोजी किती मिळायची ते बायांनाच माहीत. तणनाशकानं ती कंबर वाचवली, हे मी नाकारणार नाही. पण निंदणाचा एक गुण होता. खुरप्याला केना काय आणि कुर्डू काय, सगळं सारखं. हातानं काढताना कोणत्या एका जातीला सूट मिळत नव्हती. औषध मात्र सूट देतं. दहा जाती मारतं, एक सोडतं. मग त्या दहा जातींची मोकळी झालेली जागा कोणाची? सुटलेल्याची.

कॅमेरा जरा खाली घे. हा बघा केना. वर निळं फूल दिसतं, त्याच्याकडे दुर्लक्ष करा. मी हा हळूच मुळासकट काढते, माती झटकते. हे पांढरे धागे दिसले? ही मुळं नाहीत, या जमिनीखालच्या फांद्या आहेत, आणि त्यांच्या टोकाला या पांढरट गाठी म्हणजे बोंड्या. केना मातीच्या आतसुद्धा फुलतो, ऊन न बघता, आणि आतल्या आत बी धरतो. वरून औषधानं पानं जळाली तरी खाली हे तयार असू शकतं. आणि हा वरचा देठ. प्रत्येक पेराला मुळं फुटायच्या तयारीत आहेत. पावसाच्या झडीत डवरा मारला आणि तुकडे ओल्या मातीत पडले की ते परत लागतात. म्हणून केना डवरायचा तो उघाड असताना, आणि हातानं काढला तर धुऱ्यावर फेकायचा नाही, ढीग करून वाळवायचा.

हा केना अमेरिकेत गेलेला आहे. तिकडे जॉर्जिया राज्यात कापसात ग्लायफोसेट नावाचं तणनाशक सहन करणारं बियाणं आलं, लोकांनी बाकी औषधं आणि मशागत कमी केली, आणि 2000 नंतरच्या काही वर्षांत हाच केना तिथल्या कापसाचं मोठं दुखणं झाला, कारण ग्लायफोसेटनं तो नीट मरत नाही. आपल्याकडे चोर बीटी, म्हणजे तसंच औषध सहन करणारं कापसाचं बियाणं, लावून तेच औषध मारणाऱ्यांनी हे ऐकावं. त्या बियाण्याला मान्यता नाही, ती गोष्ट वेगळी. मी तणाचं बोलून राहिले. हरयाणात गव्हात गुल्लीडंडा नावाचं तण आहे. वर्षानुवर्षं भात-गहू, भात-गहू, आणि गव्हात एकच आयसोप्रोट्यूरॉन. 1990 नंतर ते औषध त्या तणाला लागेनासं झालं. औषध नकली नव्हतं. तणाची जात तिथेच घडली.

आता माझा राग जिथे आहे तिथे येते. औषध मारून झाल्यावर वावरात जी चार-दोन झाडं उरतात, ती उपटा. तुम्ही म्हणता, "ताई, आता पीक मोठं झालं, त्या चार झाडांनी उतारा काय कमी होणार?" यंदाचा होणारही नाही. मी यंदाचं बोलतच नाही.

हे कुर्डूचं झाड बघा, सोयाबीनच्या वर डोकं काढून उभं आहे. तुरा खालून पिकत जातो, वर अजून गुलाबी फूल आहे आणि खाली बी तयार झालं. तळहातावर चोळते. हे काळे, चकचकीत, बारीक दाणे. एका तुऱ्यातून एवढे, आणि झाडाला तुरे किती ते तुम्हीच मोजा. हे सगळं एकदम उगवत नाही, काही पुढच्या वर्षी, काही त्याच्याही पुढे. बी गळायच्या आत झाड उपटलं तर तो सगळा हिशोब तिथेच मिटतो.

दुसऱ्या बाजूनं बघा. हे झाड उरलं कसं? कदाचित पंप तिथे नीट फिरला नाही. कदाचित ते उशिरा उगवलं. पण कदाचित त्याला औषध लागतच नाही. तसं असेल तर त्याच्या बियांनाही लागणार नाही. तुम्ही उपटलं नाही, तर पुढच्या वर्षीचं बियाणं तुम्ही याच झाडाकडून घेतलं. चांगल्या कणसातून बी राखायचं आपल्या आज्यांना शिकवावं लागलं नाही, आणि इथे आपण उलटं बी राखून राहिलो.

तिसरी बाजू हार्वेस्टरची. कापणीला तण उभं असलं की त्याचं बी मशीनमध्ये जातं आणि पट्ट्यापट्ट्यानं वावरभर पसरतं. मग मशीन शेजारच्या वावरात. आमच्या शेजाऱ्यांकडे गाजरगवत कधी आत नव्हतं, फक्त रस्त्याच्या कडेला. भाड्याचं हार्वेस्टर ज्या कोपऱ्यातून आत आलं, तिथूनच पुढच्या पावसाळ्यात त्याची रांग लागली. थ्रेशरचंही तसंच. कुटार, म्हणजे भुसा, गुरांना जातं, काही बी शेणातून जिवंत निघतं, आणि खत नीट कुजलेलं नसेल तर त्याच खतातून ते परत वावरात येतं. तेव्हा मशीनवाल्याला आधी रस्त्यावर मशीन झाडायला लावा. तो कुरकुर करेल, करू द्या.

एकाने लिहिलं होतं, "मी दरवर्षी औषध बदलतो, तरी तण हटत नाही." दादांनी बाटल्यांचे फोटोही पाठवले, बरं झालं. सोयाबीनला इमॅझेथापायर. दुसऱ्या वर्षी डायक्लोसुलाम. मग पऱ्हाटी घेतली, तिला पायरिथायोबॅक. तीन बाटल्या, तीन कंपन्या, दोन पिकं. आणि तिन्ही औषधं तणाच्या आत एकच ठिकाण बंद करतात. तणाच्या दृष्टीनं तुम्ही तीन वर्षं एकच औषध मारलं. बाटलीच्या लेबलवर घटकाचं नाव वाचा, कंपनीचं नाही. त्यातल्या एका वर्षी पेरणीनंतर पेंडीमिथालिन आणि दोन डवरणी धरली असती तर साखळी तुटली असती. क्विझालोफॉप फक्त गवतवर्गीय तणावर चालतं. ते केन्यावर मारून "औषध खोटं" म्हणू नका.

आणि डोस वाढवायचा सल्ला खाली जे एकमेकांना देतात, त्यांना हात जोडून विनंती, देऊ नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. ती कीटकनाशकं होती, पण पंप पाठीवर घेणारा माणूस तोच आहे. जास्त डोसनं मोठा केना मरत नाही, पीक मात्र पिवळं पडतं.

तर कमेंटमध्ये नुसतं "केन्याला काय मारू" लिहू नका. मागच्या तीन वर्षांत त्या वावरात कोणती पिकं होती, कोणत्या घटकाची औषधं मारली, आणि आज उरलेल्या तणाचा जवळून काढलेला एक फोटो, एवढं टाका. सोयाबीन काढणीच्या आधी जमेल तेवढ्यांना उत्तर देते, कारण हरभरा पेरल्यावर उभ्या पिकात रुंद पानाच्या तणासाठी मारायला फार थोडं हाती असतं. हरभरा घ्यायच्या वावरातलं कुर्डू आत्ताच बाहेर काढा.