रिपोर्टवर आकडा एकच

(दृश्य : हर्णै बंदर, मासळीचा लिलाव. होड्यांतून टोपल्या वाळूवर उतरतायत.)

मासळी किनाऱ्याला लावली की खलाशांचं काम संपतं आणि बायकांचं सुरू होतं. निवडणं, बर्फ घालणं, डोक्यावरून बाजार गाठणं. कामाची अशी वाटणी किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या आहे. एचआयव्हीच्या औषधात मात्र वाटणी नाही. नवरा-बायको दोघं एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीला दाबणाऱ्या रोजच्या औषधांवर असतील, तर सेंटरवरून दोघांना सहसा एकाच औषधाची बाटली मिळते, टीएलडीची. रोज एक गोळी. तिच्यात टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅविर ५०. त्याचं वजन ६२ किलो, तिचं ४२. गोळी तीच.

विषाणू दाबून ठेवायला ही गोळी दोघांनाही उत्तम लागू पडते. त्रास मात्र दोघांना सारखा होत नाही.

(दृश्य : रक्ताचा रिपोर्ट. ‘क्रिएटिनिन १.०’ या ओळीवर कॅमेरा थांबतो.)

दोघांचं वय ५५ धरू. दोघांच्याही रिपोर्टवर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने गाळून टाकायचा रक्तातला कचरा, १.०, शेजारी ‘नॉर्मल’ छापलेलं. आता मूत्रपिंड किती गाळतंय याचा हिशेब करू. १४० मधून वय वजा केलं, उरले ८५. त्याला वजनाने गुणायचं, मग ७२ आणि क्रिएटिनिन यांच्या गुणाकाराने भागायचं. त्याचं उत्तर येतं ७३. तिचं येतं साधारण ५०, पण बाईच्या हिशेबात शेवटी ०.८५ ने गुणावं लागतं. उरले ४२.

म्हणजे तिचं मूत्रपिंड मिनिटाला साधारण ४२ मिलिलिटर रक्त गाळतंय. ५० च्या खाली गेलं की टेनोफोविर बदलायचा विचार करावा लागतो. बहुतेक वेळा त्याजागी अबाकाविर येतं. तिच्या रिपोर्टवर मात्र ‘नॉर्मल’च लिहिलेलं राहतं.

असं का होतं? क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमध्ये. स्नायू कमी तर क्रिएटिनिनही कमी, म्हणून किरकोळ बांध्याच्या बाईचं मूत्रपिंड थकलं तरी आकडा चढत नाही. म्हणून दर भेटीला वजन करायचं, चपला काढून, शक्यतो त्याच काट्यावर, आणि ते रिपोर्टशेजारी लिहायचं. काटा मोडला म्हणून मागच्या वेळचं वजन उतरवून काढणं ही किरकोळ चूक नाही. लघवीची साधी तपासणीही हवी. रक्तातली साखर ठीक असताना लघवीत साखर किंवा प्रथिनं दिसली, तर टेनोफोविर मूत्रपिंडाच्या नलिकांना इजा करत असल्याची शंका घ्यायची.

एक खुलासा इथेच. टीएलडी सुरू केल्यावर पहिल्या महिन्याभरात क्रिएटिनिन ०.१ ते ०.२ ने वाढतं आणि तिथेच थांबतं. डोल्युटेग्रॅविर क्रिएटिनिनची बाहेर पडायची एक वाट अडवतं, मूत्रपिंडाला त्याने इजा होत नाही. त्यानंतरही आकडा चढतच राहिला तर मात्र कारण शोधायलाच हवं.

(दृश्य : चढणीची पाखाडी. डोक्यावर टोपली घेतलेली बाई, पाठमोरी.)

ते कारण बऱ्याचदा औषधाच्या दुकानात सापडतं. ओझ्याने कंबर धरली, गुडघे दुखले, की डायक्लोफिनॅकची स्ट्रिप घरी येते. टेनोफोविरच्या जोडीला ही गोळी रोज पोटात गेली तर मूत्रपिंड काही दिवसांत बिघडू शकतं, आणि कमी वजनाच्या माणसाला हा धोका जास्त. दुखण्यावर पॅरासिटामॉल बरी. पाळी गेलेल्या बाईची हाडं आधीच ठिसूळ होऊ लागलेली असतात, टेनोफोविर त्यात भर घालतं. तेव्हा ती कंबरदुखी ‘वयाची’ म्हणून सोडून देऊ नये.

(दृश्य : ताटात उकड्या तांदळाची पेज. शेजारी गोळ्यांच्या तीन स्ट्रिपा.)

आता लोह आणि कॅल्शियम. गरोदर बाईला या दोन्ही गोळ्या दवाखान्यातूनच मिळतात. उपाशीपोटी त्या टीएलडीसोबत घेतल्या तर पोटातच डोल्युटेग्रॅविरला चिकटतात आणि औषध रक्तात उतरत नाही. मग व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंची संख्या, वाढतो आणि ‘गोळ्या चुकवतेस’ असा ठपका तिच्यावर येतो. तिने एकही चुकवलेली नसते. हा अन्याय टाळणं अगदी सोपं आहे. भरल्या पोटी एकत्र घेतलं तरी चालतं. उपासाच्या दिवशी टीएलडी आधी घ्यायची आणि लोह किंवा कॅल्शियम किमान दोन तासांनी. ते आधी घेतलं असेल, तर टीएलडी सहा तासांनी. रोजची सोपी घडी अशी : टीएलडी आणि लोह रात्री जेवणाबरोबर, कॅल्शियम सकाळी आणि दुपारी जेवून. अ‍ॅसिडिटीच्या पातळ औषधाला मात्र जेवणाची सवलत नाही, तिथे दोन आणि सहा तासांचं अंतर पाळायचंच.

डोल्युटेग्रॅविरवर वजन वाढणं हाही बाईच्या वाट्याला जास्त येणारा त्रास. दक्षिण आफ्रिकेतल्या ‘अ‍ॅडव्हान्स’ चाचणीत २०१९ साली हे ठळक दिसलं, टेनोफोविरच्या नव्या प्रकारासोबत सर्वांत जास्त. यातली काही वाढ तब्येत सुधारल्याचीच असते. तरी कंबर, रक्तदाब आणि साखर मोजत राहायची. साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर डोल्युटेग्रॅविरसोबत ती साधारणपणे दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत.

(दृश्य : जुन्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या.)

भारतात १ एप्रिल २००४ पासून एआरटी मोफत मिळू लागली, तेव्हा नेव्हिरॅपिन मुख्य औषधांत होतं. यकृताला सूज आणि अंगभर पुरळ हे त्याचे धोके. बाईचं सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, २५० च्या वर असलं की धोका वाढे, पुरुषाचं ४०० च्या वर. म्हणून पहिले १४ दिवस दिवसाला एकच गोळी, मग दोन. स्टॅव्हुडिनने रक्तात लॅक्टिक आम्ल साठायचं, तेही बायकांत जास्त. हे फरक उशिरा कळले, कारण औषधांच्या चाचण्यांत बायका थोड्याच घेतल्या जात.

२०१८ मध्ये उलटं झालं. बोट्स्वानात डोल्युटेग्रॅविर चालू असताना गर्भ राहिलेल्या ४२६ बायकांपैकी चौघींच्या बाळांत मेंदू-मज्जारज्जूच्या घडणीचा दोष आढळला आणि अनेक देशांत तरुण बायकांना हे औषध नाकारलं गेलं. पुढे आकडे वाढत गेले तसा तो धोका विरत गेला, आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते सर्वांसाठी सुचवलं. बाईला नीट माहिती देऊन निवड तिच्यावर सोडता आली असती.

पुरुषांचाही एक त्रास झाकलेला राहतो. इफाविरेन्झ हे एचआयव्हीचं जुनं औषध घेणाऱ्या काहींची छाती वाढते, दुखते. लाजेने ते बोलत नाहीत. औषध बदललं की ती बहुधा हळूहळू उतरते. म्हणून विचारणाऱ्याने नाव घेऊन विचारावं : छाती दुखते का, झोप लागते का, पाळी कशी आहे? झोप उडाली असेल तर टीएलडी रात्रीऐवजी सकाळी घेता येते.

(दृश्य : एआरटी सेंटरचं टेबल. एक कापडी पिशवी उलटी केली जाते.)

पुढच्या भेटीला घरातल्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या. दुकानातून आणलेल्या, शेजारणीने दिलेल्या, उरलेल्या, सगळ्या. टीएलडी स्वतःहून बंद करू नका. मधेच शंका आली तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा, पैसे पडत नाहीत.