दुपट्यावरचे नाव

(दृश्य : अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेले सुती नऊवारी लुगडे.)

बाळंतविड्यात झबली, टोपडी, कुंची आणि लाळेरी यांच्या जोडीला दुपटे असतेच, आणि महाराष्ट्रातल्या अनेक घरांत ते आजीच्या किंवा पणजीच्या जुन्या लुगड्याचे करण्याची रीत आजही टिकून आहे. यामागे नुसती माया नाही. वर्षानुवर्षे धुतल्याने सुती कापडाची खळ निघून गेलेली असते, सूत मऊ पडलेले असते आणि तान्ह्या बाळाच्या अंगाला असे कापड कोऱ्या कापडापेक्षा कमी टोचते.

नऊवारी लुगडे सुमारे ८ मीटर लांब असते. त्याचा कासोट्याचा आणि बसण्याचा भाग आधी विरतो. काठ आणि पदर मात्र बहुधा धड राहतात. म्हणून कात्री लावण्यापूर्वी लुगडे खिडकीशी उजेडात धरून पाहावे आणि जिथे सूत विरळ झालेले दिसेल तो भाग बाजूला काढावा. उरलेल्या कापडातून तीन पदरी अशी दोन दुपटी बहुतेक वेळा निघतात, आणि एकाच लुगड्याची ऊब दोन नातवंडांच्या वाट्याला येते. अस्तराला नवा मांजरपाट वापरायचा असेल, तर तो आधी धुऊन आटवून घ्यावा. नाहीतर पहिल्याच धुण्यात तो आकसतो आणि वरचे जुने कापड चुरगळल्यासारखे दिसू लागते.

(दृश्य : जमिनीवर अंथरलेले थर; तळहाताने सुरकुती सारणारा हात.)

हाताने गोधडी शिवणाऱ्या बायका कापडाचे थर जमिनीवर अंथरतात, मोठे टाके घालून ते टाचून घेतात आणि कडेकडेने धावदोरा घालत चौकोनात चौकोन काढत मध्याकडे येतात. हे साधते, कारण सबंध काम डोळ्यांसमोर पसरलेले असते आणि प्रत्येक टाक्याआधी तळहाताने सुरकुती सारता येते. शिलाई मशीनवर मात्र हाच क्रम अंगाशी येतो. मशीनचे खालचे दात तळाचे कापड पुढे ओढतात, वरचा पाय वरच्या थराला अडवतो, आणि कडेपासून सुरुवात केली तर सगळा फुगवटा मध्यभागी साठतो. म्हणून मशीनवर टीप मध्यापासून कडेकडे न्यावी आणि जाड थरांसाठी १६ नंबरची सुई लावावी.

आता नावाकडे येऊ. आपल्याकडे बाळाचे नाव बारशालाच जाहीर होते. आत्या ते कानात सांगते, तोवर घरातही त्याची वाच्यता फारशी होत नाही. त्यामुळे दुपटे आधी तयार असले, तरी त्यावर नाव नसते. यावरचा उपाय मला फार आवडतो : नावासाठी लुगड्याच्या पदराचा एक चौकोन वेगळा राखून ठेवायचा, बारशानंतर त्यावर नाव भरायचे आणि मग तो दुपट्यावर हातशिलाईने बसवायचा. यात आणखी एक लाभ आहे. मशीन भरतकामाच्या पाठीमागच्या गाठी आणि दोऱ्यांची टोके चौकोनाखाली झाकली जातात आणि बाळाच्या त्वचेला घासत नाहीत.

(दृश्य : लाकडी रिंगमध्ये ताणलेला चौकोन, सुईखाली उमटणारे अक्षर.)

साध्या मशीनवर भरताना कापड सरकवणारे दात खाली करतात किंवा पट्टीने झाकतात, पाय काढून ठेवतात आणि रिंग हाताने फिरवतात. पाय काढला तरी त्याचा खटका खाली करावाच लागतो, कारण तो वर राहिला तर दोऱ्याला ताण बसत नाही आणि कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो. जुने सूत सुईच्या माऱ्याने फाटू नये, यासाठी पाठीमागे पातळ आधाराचे कापड लावणे अत्यावश्यक आहे.

संगणकीय मशीनवर देवनागरी अक्षरे भरताना वेगळी काळजी घ्यावी लागते. दाट टाक्यांनी कापड आतल्या बाजूला ओढले जाते. त्यामुळे पडद्यावर जोडलेली दिसणारी शिरोरेषा आणि अक्षर यांच्यात कापडावर फट पडू शकते. म्हणून आराखड्यातच अक्षरांची टोके शिरोरेषेत थोडी आत शिरवावी लागतात. अक्षर फार लहान घेतले, तर अनुस्वार आणि उकार दोऱ्याने बुजून जातात. तेव्हा नाव ठसठशीतच भरावे. आजीच्या जुन्या पत्रातले किंवा पाककृतींच्या वहीतले तिचेच अक्षर ट्रेसिंग पेपरवर उतरवून, मोठे करून, ‘आजीकडून’ एवढेच भरले, तर छापील वळणाच्या कोणत्याही सुबक अक्षरापेक्षा ते अधिक मोलाचे, असे मला मनापासून वाटते. आरसे, मणी आणि टिकल्या मात्र तान्ह्या बाळाच्या वस्तूवर मुळीच लावू नयेत.

असे दुपटे कपाटात जपून ठेवण्यापेक्षा रोज वापरात यावे, आणि रोज वापरायचे म्हणजे ते सतत धुतले जाणार. भरतकामाला पॉलिएस्टरचा दोरा घेतला, तर तो वारंवारच्या धुण्यात रेयॉनपेक्षा चांगला टिकतो. सर्वांत आधी झिजते ती कड. म्हणून नावाचा चौकोन कडेपासून चार बोटे तरी आत बसवावा, आणि पुढे कड उसवून नवी पट्टी लावता यावी, यासाठी त्याच लुगड्याच्या काठाचा एक लांब तुकडा आधीच काढून ठेवावा.