कोपऱ्यातला अंधार नक्की कुणाचा?

मागच्यांना दिसतंय ना? ही नुसती पांढरी भिंत आहे. डावीकडचा फोटो २४ एमएम लेन्सचं अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं भोक, एफ/१.४ ला पूर्ण उघडून काढलाय, कोपरे कसे काळवंडलेत बघा, आणि उजवीकडे तीच लेन्स एफ/८ ला, म्हणजे भोक बरंच लहान करून. बराच अंधार गेला, पण सगळा नाही गेला, आणि आज मला बोलायचंय ते या उरलेल्या अंधाराबद्दलच.

जो गेला तो लेन्सच्या नळकांड्यामुळे होता, तिरपा येणारा प्रकाश पुढच्या-मागच्या कडांना अडतो, अ‍ॅपर्चर लहान केलं की ती अडचण संपते. उरलेला भूमितीचा. साध्या लेन्समध्ये किरण जितका तिरपा येतो त्या कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने प्रकाश कमी होतो, म्हणजे फुलफ्रेमवर (३६ × २४ मिमी सेन्सर) २८ एमएमला कोपऱ्यात साधारण सव्वा-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), २१ ला दोन, १५ ला तीनच्या वर! एफ/१६ करा नाहीतर एफ/२२, हा हलत नाही.

१९०० साली बर्लिनच्या गोएर्झ कंपनीने हायपरगॉन नावाची लेन्स काढली, १३५ अंशांचं दृश्य टिपणारी, आता एवढ्या कोनात कोपऱ्यांचं काय होत असेल विचार करा. त्यांनी काय केलं, लेन्सच्या पुढे मधोमध एक चांदणीसारखा पंखा बसवला, रबरी फुगा दाबून हवेने तो गरागरा फिरवायचा म्हणजे मधला प्रकाश अडतो आणि कडांना जास्त मिळतो, मग एक्स्पोजर चालू असतानाच पंखा खाली पाडायचा. मला तर हे वाचून हसूच आलं होतं, पण काम करायचं ते! १९६९ च्या १५ एमएम होलोगॉन लेन्सला याच कामासाठी मधोमध गडद असलेला फिल्टर लावायचे.

एसएलआरच्या (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या) वाइड लेन्स या बाबतीत सुखी, कारण आरशाला जागा द्यायला त्या रेट्रोफोकस, म्हणजे सेन्सरपासून लांब बसणाऱ्या पण आकाराने मोठ्या, बनवाव्या लागल्या आणि त्यात सेन्सरवर किरण कमी तिरपे पडतात. म्हणून लहानशी सुबक लेन्स आणि हा रेट्रोफोकसचा ढब्बू गोळा शेजारी ठेवून तुलना करताना आकाराची किंमतही धरा.

तुलना करताना फोकल लेंग्थ तीच, अ‍ॅपर्चर तेच, रॉ फाइल (सेन्सरवरची कच्ची), करेक्शन, म्हणजे सॉफ्टवेअर कोपरे आपोआप उजळतं ते, बंद. आणि भिंत! मी एकदा एका लेन्सचा डावा कोपरा खराब म्हणून आठवडाभर शिव्या घातल्या, खिडकी उजवीकडे होती हे लक्षातच नाही आलं. कॅमेरा उलटा धरून दुसरा फोटो काढा, काळा कोपरा फ्रेममध्ये बाजू बदलतो का ते बघा, बदलला तर दोष भिंतीचा. नाहीतर लेन्सवर ट्रेसिंग पेपर धरा, सोपं पडतं.

करेक्शन चालू केलं की झालं, असं कुणीतरी म्हणणारच. दिवसा झालंच. पण रात्री हरिश्चंद्रगडावर आकाशगंगा काढताय, आयएसओ (संवेदनशीलता) ३२००, आणि करेक्शनने कोपरा दोन स्टॉप उचलला, तर तिथला नॉइज, म्हणजे दाणे, आयएसओ १२८०० सारखा दिसणार, आणि तारे तर कोपऱ्यातही असतात.