पांढरी दोनच्या किंचित वर

श्रोतेहो, नमस्कार.

जाझचे चाहते एकत्र आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सध्या काय ऐकताय?" उत्तरात एखाद्या तबकडीचे नाव आले की लगेच मते सुरू होतात. कुणाला ट्रम्पेट कोरडा वाटतो, कुणाला लय घाईची वाटते. मते जरूर द्यावीत, पण त्याआधी आपण कोणती प्रत ऐकली तेही सांगावे, असा माझा आग्रह आहे. कोणती प्रत, हे आधी सांगावे. हा आग्रह माझ्या मनात कसा रुजला, ते आज सांगतो.

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांची 'काइंड ऑफ ब्लू' ही जाझची तबकडी १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झाली. सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्ली, पियानोवर बिल एव्हान्स आणि एका रचनेपुरते विन्टन केली, बासवर पॉल चेंबर्स, ड्रम्सवर जिमी कॉब. ही सगळी नावे मी मुद्दाम घेतो, कारण साथीदारांची नावे गाळून संगीताची ओळख करून देणे मला अन्यायाचे वाटते, मग ते न्यूयॉर्कचे बासवादक असोत की आपल्याकडचे तबलजी.

आमचा सात-आठ जणांचा गट दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी दादरला एका मित्राच्या घरी जमत असे. एकदा पेटी शिकवणाऱ्या एक काकू आल्या होत्या. जाझ त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. जुन्या छापाची ही तबकडी लावली, तिच्यातली पहिली रचना 'सो व्हॉट' सुरू झाली, बासने आपला प्रश्न विचारला आणि त्याला ते प्रसिद्ध दोन टोलांचे उत्तर आले. काकू थोडा वेळ डोळे मिटून ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "कोमल गंधार, कोमल निषाद, बाकी शुद्ध. हे तर काफी रागाचे स्वर आहेत." आम्ही खूश झालो. कोपऱ्यात यजमानांची पेटी होती. काकूंनी ती पुढे ओढली, भाता उघडला आणि पांढरी दोन, म्हणजे सप्तकातली दुसरी पांढरी पट्टी, दाबली.

सूर जुळला नाही. पेटीचा सूर आणि तबकडीचा सूर एकमेकांवर घासून हळूहळू लाट उठत होती. ती लाट खोलीत बसलेल्या प्रत्येकाला ऐकू येत होती. काकूंनी काळी दोन दाबून पाहिली, तर ती फारच वर गेली. त्या म्हणाल्या, "तबकडी पांढरी दोनच्या किंचित वर आहे." यजमान म्हणाले की त्यांच्या टर्नटेबलचा पट्टा जुना झाला आहे, तेच यंत्र जास्त वेगाने फिरत असेल. दुसरे एक गृहस्थ म्हणाले की पेटीच उतरली असेल. काकूंनी दोघांचेही ऐकून घेतले आणि शांतपणे सांगितले, "तबकडी उलटा."

दुसऱ्या बाजूला 'ऑल ब्लूज' लागले. काकूंनी पांढरी पाच दाबली आणि पेटी त्या सुरात अशी विरून गेली की ती वाजते आहे की नाही, हे क्षणभर कळेना. यंत्र तेच, पट्टा तोच, पेटीही तीच. पहिली बाजू चढी, दुसरी बाजू सुरात. आम्ही तीन वेळा तबकडी उलटली आणि तिन्ही वेळा तेच झाले. वर्षानुवर्षे या तबकडीवर तावातावाने मते देणारे आम्ही सगळे गप्प होतो.

उत्तर आम्हाला पुढे कळले. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना २ मार्चच्या आहेत. त्या दिवशी स्टुडिओतले मुख्य टेप यंत्र किंचित हळू चालत होते. हळू चाललेल्या यंत्रावर भरलेली फीत योग्य वेगाने वाजवली की संगीत जलद होते आणि सूर चढतो. सुदैवाने त्याच वेळी दुसरे यंत्रही राखीव फीत भरत होते आणि ते अचूक चालत होते. १९९२ सालच्या आवृत्तीत ती राखीव फीत वापरली गेली आणि पहिली बाजू आपल्या मूळ सुरावर आली. तोवर तीसहून अधिक वर्षे जगभरच्या रसिकांनी चढा सूरच ऐकला होता.

दुरुस्त प्रत आमच्या गटात आली तेव्हा मतभेद मिटले नाहीत. काकूंना ती ऐकताना हायसे वाटले. यजमानांना मात्र डेव्हिस यांचा ट्रम्पेट जुन्या प्रतीतच अधिक धारदार वाटतो, आणि त्यांचे हे मत मी मनापासून मानतो, कारण ते प्रत्येक वेळी आधी सांगतात, "मी जुन्या छापाबद्दल बोलतोय." 'सो व्हॉट' घाईचे आहे की निवांत, या वादात दोन माणसे दोन वेगवेगळ्या प्रती ऐकत असतील, तर दोघांचेही कान खरे असू शकतात. म्हणून पुन्हा सांगतो, कोणती प्रत, हे आधी सांगावे.

आता 'सो व्हॉट' ऐकू या. आपण ऐकणार आहात ती प्रत १९९२ नंतरची, दुरुस्त केलेली आहे. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी ती जवळ घ्यावी, बासचा प्रश्न सुरू झाला की पांढरी दोन धरावी, आणि मधल्या भागात सगळा वाद्यवृंद अर्ध्या सुराने वर सरकेल, तेव्हा बोट काळी दोनवर न्यावे.