अर्ज कसला करता, घरच आहे हे!

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘कुटुंबाभिमुख कंपनीतील लवचीकता : अनुभव आणि अपेक्षा’. मी फोनवर फक्त ‘कामाच्या वेळांबद्दल बोलीन’ म्हटलं होतं. त्याचं हे भारदस्त रूप संयोजकांचं. अपेक्षांकडे मी शेवटी येणारच आहे. आधी अनुभव, कारण तो बावीस वर्षांचा साठलाय आणि घरी आता कोणी ऐकून घेत नाही.

मी मनुष्यबळ विभागातली. ज्या टेबलासमोर उभं राहून तुम्ही मनातल्या मनात शिव्या दिल्या असतील, त्या टेबलाच्या पलीकडे मी बसायचे. हसताय, म्हणजे दिल्यात.

आमची कंपनी लहान मुलांच्या वस्तू बनवायची. पाळणे, बाबागाड्या, अंघोळीचे टब. तेव्हा ‘कुटुंब’ हा शब्द आमच्याकडे हवेतच होता. स्वागतकक्षात एक अख्खी भिंत कर्मचाऱ्यांच्या कौटुंबिक फोटोंची. रुजू झाल्याच्या पहिल्या दिवशी नेमणूकपत्र हातात पडायच्या आधी फोटो मागायचे. कोणी नोकरी सोडली की फोटो उतरवायचे आणि तिथे एक चौकोन उरायचा. बाकीच्या भिंतीचा रंग विटलेला, चौकोनाचा मात्र ताजा. नवा माणूस मुलाखतीला आला की ते चौकोन मोजत बसायचा. आम्ही पगाराचा आकडा सांगायच्या आत त्याला कंपनीबद्दल बरंच कळलेलं असायचं.

वर्षातून एकदा ‘कुटुंब दिन’. तो रविवारी! हक्काच्या सुट्टीचा दिवस घ्यायचा, घरच्यांना नटवून ऑफिसात आणायचं आणि कंपनीला कुटुंबाची किती काळजी आहे यावर मालकांचं भाषण ऐकायचं. एका वर्षी एका सहकाऱ्याच्या पाच वर्षांच्या मुलीने आमच्या साहेबांकडे बोट दाखवून खणखणीत आवाजात विचारलं, “बाबा, रात्री फोनवर ओरडतात ते काका हेच का?” पुढच्या वर्षीपासून भाषण छोटं झालं.

माझा आवडता सिद्धांत इथेच सांगून टाकते, नंतर वेळ मिळेल न मिळेल. कंपन्या दोन जातींच्या असतात. एक म्हणते, ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत.’ दुसरी म्हणते, ‘तुम्हाला तुमचं कुटुंब आहे, हे आम्हाला माहीत आहे.’ ऐकायला सारखंच वाटतं, पण पहिलीत सहाला निघालात तर घर सोडून गेल्यासारखं होतं. दुसरीत सहाला निघालात तर सहा वाजलेले असतात, बस.

आता माझी गोष्ट. आमच्याकडे लवचीक वेळेचं धोरण होतं. चार पानी, आणि ते मीच लिहिलेलं. सकाळी आठ ते अकरा कधीही या, आठ तास भरा, वगैरे. फक्त शेवटच्या कलमात दोन शब्द होते : ‘विभागप्रमुखाच्या संमतीने’. ते घालताना मला काहीच वाटलं नाही. पुढे कळलं की त्या दोन शब्दांनी चार पानं खाऊन टाकली होती.

वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी नऊला फिजिओथेरपी. मला त्या दोन दिवशी साडेदहाला यायचं होतं. मी माझ्याच धोरणाखाली, माझ्याच नमुन्यात, रीतसर अर्ज घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी कागद बघितलासुद्धा नाही. म्हणाले, “अहो मॅडम, अर्ज कसला करता? घरच आहे हे! या की निवांत.” मला भरून आलं. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि जागेवर येऊन बसले. या व्यवसायातली माझी सगळ्यात मोठी चूक ती घडी.

मग हळूहळू सुरू झालं. कोणी बोललं नाही, टोमणा तर अजिबात नाही. फक्त आढावा बैठक सोमवारची मंगळवारी गेली, सकाळी साडेनऊला. बुधवारी मी वेळेवर पोचले की, “अरे वा, आज लवकर?” मग मीच आठ-आठ वाजेपर्यंत बसायला लागले. उपकाराची पावती नसते ना! कर्ज असतं तर शेवटचा हप्ता कधी ते तरी कळतं. सकाळच्या दीड तासापायी मी संध्याकाळचे दोन-दोन तास देत होते आणि तरी देणं संपलंय असं वाटत नव्हतं.

पाच महिन्यांनी साहेब दुसरीकडे गेले. नव्या बाईंनी हजेरीपट काढला. माझ्या नावापुढे एकोणचाळीस वेळा ‘उशिरा’. त्यांनी शांतपणे विचारलं, “याची परवानगी कुठे आहे?” बाई चुकीचं काहीच विचारत नव्हत्या. माझ्याकडे कागद मागितला गेला, तो मनुष्यबळ विभागाकडून मिळायला हवा होता, आणि मनुष्यबळ विभाग म्हणजे मी!

मी काही बिचारी नाही, हेही सांगते. आमच्या लेखा विभागात एकटा राहणारा एक मुलगा होता. भिंतीवरच्या फोटोत तो एकटाच, खिशात हात घालून उभा. वर्षअखेरीची रात्रपाळी त्याची, सुट्ट्यांच्या मोसमातली हजेरी त्याची. “तुला काय, घरी कोण वाट बघतंय?” हे वाक्य मी स्वतः त्याला ऐकवलंय, हसत हसत. कुटुंबाभिमुख कंपनीत ज्याचं कुटुंब फोटोत मावत नाही, त्याच्या वेळेवर सगळ्यांचा हक्क. आणि फोटोत मावणाऱ्यांतही भेद होताच. बाप बाळाला लस द्यायला गेला की ‘किती गुणी’, आई गेली की ‘हल्ली हिचं कामात लक्ष नाही’. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा कौटुंबिक जबाबदाऱ्या असलेल्या कामगारांबद्दलचा करार आहे, १५६ क्रमांकाचा, १९८१ सालचा. तो स्त्रिया आणि पुरुष दोघांनाही लागू आहे. आमच्या कॉरिडॉरपर्यंत तो पोचला नव्हता.

चिठ्ठी आलीय. सात मिनिटं. बघा, अनुभवातच सगळा वेळ गेला. अपेक्षा आता पळत पळत.

पहिली गोष्ट, लवचीक वेळ कोणाच्या मायेतून जन्मलेली नाही. १९६७ साली म्युनिकजवळ ओटोब्रुनला ब्योल्को या विमानांच्या कंपनीने ती सुरू केली, त्याचं एक मोठं कारण म्हणजे सगळे एकाच वेळी आल्याने रस्त्यावर होणारी कोंडी. मधले काही तास सगळे हजर, आधी-नंतरचं ज्याचं त्याने ठरवायचं. म्हणून तर ती व्यवस्था टिकली. वाहतुकीच्या कोंडीचे कोणी उपकार मानत नाही!

दुसरी, घरून काम. शांघायच्या सीट्रिप या प्रवास कंपनीत नऊ महिन्यांचा प्रयोग झाला, स्टॅनफर्डच्या निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचा. घरून काम करणाऱ्या कॉल सेंटरवाल्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडणारे निम्म्यावर आले. पण कामाच्या मानाने बढत्या कमी मिळाल्या, आणि प्रयोग संपल्यावर साधारण निम्मे लोक एकटेपणाला कंटाळून ऑफिसात परतले. त्याच कंपनीत पुढे १,६१२ जणांवर दुसरा प्रयोग झाला, आठवड्यातले दोन दिवस घरून. तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सोडून जाणारे एक तृतीयांशाने घटले आणि बढत्यांना धक्का लागला नाही. मला यातून एवढंच दिसतं की नजरेआड असणाऱ्याला किंमत मोजावी लागते, पण सगळेच काही दिवस नजरेआड असतील तर ती मोजावी लागत नाही. म्हणजे फक्त आयांना घरी बसवून भागणार नाही.

तिसरी, नकार लेखी. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लवचीक वेळ मागता येते. कंपनी नाही म्हणू शकते, पण कायद्यात दिलेल्या आठ कारणांपैकी एक सांगून, आणि कर्मचाऱ्याशी आधी बोलून. आम्हीही असंच काहीसं केलं. ते दोन शब्द खोडले आणि लिहिलं, ‘नकार द्यायचा असल्यास विभागप्रमुखाने कारण लेखी द्यावे’. एका ओळीला चार महिने लागले. नव्या बाई पाठीशी उभ्या राहिल्या म्हणून झालं, नाहीतर आमच्या मालकांना ते घरात वकील आणल्यासारखं वाटत होतं.

चौथी... राहू दे, अध्यक्षांनी घंटेवर हात ठेवलाय.

एवढंच सांगून बसते. धोरण लागू झालं तोवर वडील काठी घेऊन एकटे चालायला लागले होते, त्यामुळे पहिला अर्ज काही माझा नव्हता. तो आला लेखा विभागातल्या त्या मुलाचा. सोमवार आणि गुरुवार, साडेचारला निघायचं. ‘कारण’ या रकान्यात त्याने लिहिलं होतं, ‘पोहायला शिकतोय’. त्याच्या साहेबांनी तो कागद दोन दिवस टेबलावर ठेवला. नकाराचं कारण लिहायला एकदा पेन उघडलं, पुन्हा बंद केलं, आणि तिसऱ्या दिवशी सही केली.