पडद्यावरचा पूल आणि पांढरा चेंडू

नमस्कार, श्रोतेहो. पूल, म्हणजे टेबलावरचे चेंडू काठीने मारून कडेच्या पॉकेटमध्ये, म्हणजे भोकांमध्ये, घालण्याचा खेळ, घरी खेळायचा म्हटले की टेबलाच्या किमतीआधी खोलीचे माप आडवे येते. नऊ फुटी टेबलावर चेंडू फिरण्याची जागा १०० बाय ५० इंच असते, आणि सुमारे ५८ इंचांचा क्यू, म्हणजे ती मारायची काठी, कोणत्याही बाजूने मोकळा मागे घ्यायचा, तर खोली निदान १८ फूट लांब आणि १४ फूट रुंद हवी. सिडकोत किंवा इंदिरानगरात राहणाऱ्या नाशिककराने एवढा दिवाणखाना आणायचा कोठून? मग पूल टीव्हीच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर येतो, आणि मला विचाराल तर त्यात फारसे बिघडत नाही; मात्र पडदा काय शिकवतो आणि काय नाही, हे ओळखून खेळावे.

आपल्यापैकी बहुतेकांचा हात कॅरमवर बसलेला असतो. कॅरममध्ये स्ट्रायकर दर वेळी पुन्हा आपल्या रेषेवर ठेवता येतो. पूलमध्ये क्यूने फक्त पांढरा चेंडू मारायचा असतो, आणि तो जेथे थांबेल तेथूनच पुढचा फटका मारावा लागतो. त्यामुळे ‘एट बॉल’ या पूलच्या प्रकारात आपले सात चेंडू आणि शेवटी काळा आठ नंबरचा चेंडू पॉट करायचा, म्हणजे पॉकेटमध्ये घालायचा, तर समोरचा चेंडू पॉकेटमध्ये जाईल का, यापेक्षा पांढरा कोठे जाऊन थांबेल, हा प्रश्न मोठा ठरतो. हे व्हिडिओ गेम उत्तम शिकवतो. पांढरा चेंडू न गडगडता नुसता घसरत येऊन तिरका आदळला, तर टकरीनंतर दोन्ही चेंडू एकमेकांशी जवळजवळ काटकोन करून निघतात. तो गडगडत आलेला असेल, तर काटकोनाची रेषा सोडून पुढच्या बाजूला वळतो. फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिओलिस यांनी १८३५ मध्येच बिलियर्ड्सच्या या गणितावर ग्रंथ लिहिला होता, आणि चांगला गेम तेच गणित क्षणात करून दाखवतो. १९८५च्या ‘लुनर बॉल’ या गेममध्ये तर टेबलाचे घर्षणही कमीजास्त करता येत असे. गंमत म्हणून का होईना, चेंडू कशामुळे थांबतो हे त्यातून कळे.

माझा आक्षेप आहे तो नेम दाखवणाऱ्या रेषेला. कोन डोळ्यांनी ओळखणे हाच या खेळाचा गाभा, आणि नेमके तेच काम ती रेषा आपल्या हातून काढून घेते. काही मोबाइल गेममध्ये भारी क्यू घेतला की रेषा आणखी लांब होते, म्हणजे कौशल्याची उणीव नाण्यांनी भरून निघते! शिवाय पडद्यावर बोट सोडले की क्यू सरळच जातो. खऱ्या टेबलावर मनगट हलते, आणि फिरकीसाठी चेंडूच्या कडेला ठोका दिला की पांढरा किंचित विरुद्ध बाजूला ढळतो. एवढा तपशील सगळेच गेम पाळत नाहीत. त्यामुळे मोबाइलवर तरबेज झालेल्या मुलाचे पूल पार्लरमधल्या खऱ्या टेबलावरचे पहिले काही फटके चुकले, तर घरच्यांनी हसू नये.

सोय असेल तर ती रेषा बंद करा. नसेल, तर एकट्याने सराव करताना पांढरा कोठे थांबेल ते फटक्याआधी मोठ्याने सांगा आणि मगच बोट सोडा.